ऐकणारा हवा, वाचणारा हवा

आपल्या समाजात ‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते कविवर बनारसीदास मूळचे व्यापारी. १५८६ च्या सुमारास जौनपूर येथे, जवाहिराचा व्यवसाय करणाऱ्या श्रीमाळ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात त्यांना वाचनाचा आणि काव्यरचनेचा असा छंद जडला की व्यवहाराकडे लक्ष लागेना. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांची कानउघाडणी केली. फार शिकणे हे ब्राह्मणाचे आणि भाटाचे काम आहे, वाण्याच्या मुलाने बाजारात बसावे, जो फार शिकतो त्याच्यावर भिक्षा मागण्याची पाळी येते, असा त्या उपदेशाचा आशय होता. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण स्वतः बनारसीदासांनीच ते लिहून ठेवले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी म्हणजे १६४१ मध्ये त्यांनी आपल्या निम्म्या आयुष्याची कथा पद्यात सांगितली आणि तिला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. हिंदीतील हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. एका जैन व्यापाऱ्याने ते लिहिले, ही गोष्ट आपल्या घरांतील किती मुलांना माहीत असेल?

वडीलधाऱ्यांचे भाकीत काही काळ खरेही ठरले. माल घेऊन बनारसीदास आग्र्यास गेले आणि तेथे त्यांचा व्यापार बुडाला. जवळ पैसा उरला नाही. त्या दिवसांत ते रात्री आपल्या बिऱ्हाडी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथाकाव्यांचे वाचन करीत आणि दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदास उधारीवर कचोऱ्या घेत. आपल्याजवळ द्यावयास काही नाही, हे त्यांनी एके दिवशी त्याला मोकळेपणाने सांगितले. तरीही त्याने उधारी बंद केली नाही, आणि कित्येक महिने ती तशीच चालली. बँकेच्या भाषेत याला विनातारण कर्ज म्हणतात. माझ्या साऱ्या नोकरीत इतके देखणे विनातारण कर्ज मी पाहिले नाही.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण त्यातील दहा-वीस श्रोते हे आहेत. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून आपण पुस्तके आणतो, शिकवणी लावतो, रागावतो, बक्षिसाचे आमिष दाखवतो. परंतु वाचलेले ऐकायला कोणी बसत नाही आणि लिहिलेले वाचायला कोणी थांबत नाही. माझ्या मते सारा दोष येथे आहे.

चारशे वर्षांपूर्वीचा तो उपदेश आपल्या घरांत आजही ऐकू येतो, केवळ त्याचे शब्द बदलले आहेत. मूल गोष्टीचे पुस्तक घेऊन बसले की आतून आवाज येतो, “ते ठेव, अभ्यासाचे वाच.” आमच्या आष्टीत काय किंवा आर्वी, वरुड, मोर्शीत काय, किराणा, कापड, कृषी केंद्र चालवणाऱ्या आपल्या कुटुंबांत मुलाच्या शाळेवर खर्च करण्यात कोणी कसूर करीत नाही. फी वेळेवर भरली जाते. परंतु गुण न मिळवून देणारे वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी एक धारणा मुरलेली आहे. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाची ही धारणा मला समजते. तिची किंमत काय पडते, ते मात्र मी बँकेच्या टेबलामागून पाहिले आहे.

पदवीधर तरुण पैसे काढण्याची चिठ्ठी पुढे सरकवीत आणि म्हणत, “साहेब, तुम्हीच भरून द्या ना.” खात्यातील एखाद्या नोंदीबद्दल तक्रार असली तर तोंडाने दहा मिनिटे उत्तम सांगत, चार ओळींचा अर्ज लिहा म्हटले की हात थांबे. हे किरकोळ म्हणून सोडून देता येईल. जामीनदारांचे प्रकरण किरकोळ नव्हते. नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाच्या कर्जाला जामीन राहण्यासाठी लोक येत, दाखवाल तेथे सह्या करीत आणि चहा पिऊन जात. पुढे कर्ज थकले आणि नोटीस घरी पोचली की तीच माणसे घाबरीघुबरी होऊन येत: “मी तर फक्त सही केली होती.” जामीनपत्राची तीन पाने त्यांच्यापुढेच असत. ती वाचता येत नव्हती असे नाही. सगळे शिकलेले होते. परंतु सलग तीन पाने मन लावून वाचण्याची सवय शाळा सुटल्यावर सुटली होती, किंवा कधी लागलीच नव्हती. ज्याने आवडीने कधी पानभर वाचले नाही, तो नावडते तीन पानी वाचील ही अपेक्षाच चूक आहे. धावण्याची हौस नसलेला मनुष्य गाडी सुटताना तरी कसा धावणार?

सुरुवात कशी करावी? मूल वाचू लागण्याच्या कितीतरी आधी त्याला वाचून दाखवण्यापासून, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक उघडावे, बोट ठेवून वाचावे. तेच पुस्तक ते पंधरा दिवस रोज मागेल. वाचणारा कंटाळेल, मूल कंटाळणार नाही. तेराव्या दिवशी आपण एखादा शब्द चुकवला तर ते आपल्याला थांबवते, त्या दिवशी ओळखावे की काम सुरू झाले. शाळेत जाऊ लागल्यावर मात्र बहुतेक घरांत हे वाचून दाखवणे बंद पडते, कारण आता त्याला स्वतःला येते ना! येथे घाई होते. अक्षर जुळवताना मुलाची सारी शक्ती अक्षरातच खर्च होते, गोष्टीपर्यंत ते पोचतच नाही. दहा-अकराव्या वर्षापर्यंत मोठ्यांनी वाचून दाखवावे, मध्येच एक परिच्छेद त्याच्याकडे द्यावा, पुन्हा आपण घ्यावा. दुकान बंद करून आलेल्या वडिलांनी रात्री पंधरा मिनिटे हे काम केले तर त्याचे मोल आईने केलेल्यापेक्षा वेगळे ठरते. विशेषतः मुलग्यांच्या मनात वाचन हे बायकांचे किंवा मास्तरांचे काम असते, ते चित्र तेथे पुसले जाते.

आणि उलट दिशेनेही हे चालावे. आजीचा चष्मा कमी पडतो, तिला नेमाने काही वाचायचे असते. नातवाने ते वाचून दाखवावे. येथे त्याचे वाचन कोणाच्या तरी उपयोगाचे होते. ते अडखळले तरी आजी गुण कापत नाही.

भाषेचा प्रश्न येथे टाळता येत नाही. आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात आहेत. घरी कोणी मराठी बोलते, कोणी मारवाडी, कोणी गुजराती, कोणी हिंदी. परिणाम असा की इंग्रजी वाचता येते पण कळत नाही, मराठी कळते पण वाचता येत नाही, अशी मुले मी घरोघरी पाहतो. आपल्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. सात वर्षांचे शिक्षण सर्वांना मोफत व सक्तीचे असावे, ते मातृभाषेतून असावे आणि हाताने करण्याच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेले असावे, असे तिने ठरवले. पुढे सेवाग्रामला ‘नई तालीम’ची शाळा चालली; २००५ पासून तेथे ‘आनंद निकेतन’ पुन्हा सुरू आहे. आपण मुलांना इंग्रजी शाळेतून काढावे असे मी म्हणणार नाही. व्यापाराला इंग्रजी लागते, आणि करांची विवरणपत्रे कोणत्या भाषेत भरावी लागतात हे आपण जाणतोच. परंतु ज्या भाषेत आजी रागावते, त्या भाषेत गोष्ट वाचून दाखवली तर ती मुलाच्या मनात खोल उतरते. वाचनाची गोडी एकदा एका भाषेत लागली की ती दुसऱ्या भाषेत सहज जाते. मुळात लागलीच नाही, तर कोणत्याच भाषेत नेता येत नाही.

लिपी हातून गेली की काय होते, याचा अनुभव जुन्या घरांना आहे. पणजोबांच्या काळची खरेदीखते, वाटणीपत्रे मोडीत आहेत. कागद आपले, त्यावरील सही आपल्या माणसाची, आणि तो वाचण्यासाठी आपल्याला मोडी जाणणारा मनुष्य शोधून त्याला पैसे मोजावे लागतात. आपल्या नातवंडांना आपली देवनागरी वही वाचण्यासाठी उद्या असाच कोणी शोधावा लागला, तर त्यात नवल वाटू नये.

आता पुस्तकांच्या कपाटाविषयी. पुस्तकाचा आदर आपल्याकडे पुष्कळ आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी होते, कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर निघतात, वेष्टने झटकली जातात, पूजा होते. परंतु पूजा आणि वाचन यांच्यात केवढे अंतर पडू शकते, याची एक कथा आपल्या शेजारच्या अमरावतीशी जोडलेली आहे. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेची ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्री येथे शतकानुशतके जतन केलेली होती. यात्रेकरू दुरून येत, दर्शन घेत आणि परतत. ती वाचून समजून घेणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. ‘जैन बोधक’ मासिक काढणारे सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या ताडपत्रांची नक्कल करण्यास प्रारंभ झाला. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले, भेलशाच्या शेठ लक्ष्मीचंद यांनी निधी दिला आणि १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. असे १६ खंड निघाले. ज्यांनी ताडपत्रे जपली त्यांचे उपकार आहेतच. परंतु ती वाचावीत असे प्रथम वाटले ते व्यापाऱ्यांना, ही गोष्ट मला विशेष वाटते.

आपल्या दिवाणखान्यातील काचेचे कपाट ही एक छोटी मूडबिद्रीच आहे. लग्नात आलेले जाड ग्रंथ, विश्वकोशासारखे संच, सोनेरी अक्षरांच्या पाठी, आणि किल्ली आईच्या जुडग्यात. मूल उघडायला गेले की, “फाडशील!” मुलांची पुस्तके जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, उघड्या फळीवर हवीत. ती फाटतील. खळीने चिकटवता येतात. फाटलेले पुस्तक हे वापरलेल्या पुस्तकाचे लक्षण आहे. दुकानात जसा न हललेला माल तोट्याचा, तसे घरात न फाटलेले बालपुस्तक.

आष्टीसारख्या गावी बालपुस्तके मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु माल मागवणे हा तर आपला धंदा. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके स्वस्त असतात, ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्स यांचीही चित्रांची पुस्तके लहान मुलांना आवडतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक संस्थेने महाजालावर विनामूल्य खुले केले आहेत, दोन-चार गोष्टी छापून हातात देता येतात. नागपूर-अमरावतीला खरेदीला जाणाऱ्याने मालाच्या यादीत एक पुस्तक लिहून न्यावे. सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व मुलाच्या स्वतःच्या नावाने घ्यावे आणि पुस्तक बदलायला त्यालाच पाठवावे. पुस्तक त्याने निवडावे. त्याने भुताची गोष्ट आणली तर भुताची. नीतिकथाच वाचल्या पाहिजेत असा हट्ट धरल्याने नीती येत नाही आणि वाचनही जाते.

भ्रमणध्वनीविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालणार नाही. एवढेच सांगतो, की मूल वाचून दाखवत असताना ऐकणाऱ्याच्या हातात तो असेल तर मुलाला ते तत्काळ कळते.

लेखनाची गोष्ट वाचनाहून अवघड, कारण लिहिलेले वाचणारा मिळणे अधिक दुर्मिळ. शाळेतला निबंध मास्तर वाचतात, तोही लाल शाईने. पावसाळ्यातील एक दिवस, माझा आवडता सण. मूल मार्गदर्शकातून उतरवते आणि मास्तर खूण करतात. त्यात कोणी कोणाला काही सांगत नाही.

साने गुरुजींनी अमळनेरला जे केले ते यासाठी आठवावे. १९२४ ते १९३० ही वर्षे ते तेथील, पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक! वर्गात शिकवून, मुलांची सेवा करून, पुन्हा रोज हाताने लिहायचे. वाचक कोण, तर छात्रालयातील मुले. ती मुले ते वाचीत, कारण ते त्यांच्याचसाठी, त्यांच्याविषयी जिव्हाळा असलेल्या माणसाने लिहिलेले असे. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाले, त्यामागे इतक्या रात्रींचे मुलांसाठी लिहिणे होते. आणि त्या पुस्तकाची मांडणीही पाहावी: रोज रात्री श्याम सांगतो आणि बाकीचे ऐकतात. पुन्हा श्रोते आलेच.

घरात असा वाचक निर्माण करणे कठीण नाही. आपल्या परंपरेत तर एक तयार वाट आहे. संवत्सरीनंतर किंवा दशलक्षण पर्वाच्या अखेरीस क्षमापनेची पत्रे धाडण्याची आपली रीत. पूर्वी दिवाणजी शंभर-शंभर पोस्टकार्डे लिहीत, नंतर छापील आली, आणि आता एकाच क्षणी दोनशे जणांना फुलांचे चित्र जाते. ते पाठवणाऱ्यालाही आठवत नाही आणि घेणाऱ्यालाही. मुलाला एक पन्नास पैशांचे पोस्टकार्ड द्यावे आणि सांगावे, ज्या एका माणसाशी तू यंदा वाईट वागलास त्याला लिही, आणि काय झाले होते तेही लिही. आत्येभावाची पतंग मुद्दाम फाडली, शेजारच्या मुलीला चिडवले, असे काही निघतेच. त्या पाच ओळींसाठी मूल जितका विचार करील तितका वर्षभराच्या निबंधांसाठी करीत नाही. उत्तर आले की ते पत्र कुठे ठेवले जाते, ते पाहावे.

दुसरी वाट दुकानाची. आपल्या आजोबांचे गद्य रोजकीर्दीत घडले. आज, अमक्याकडून, इतका माल, अमक्या भावाने, इतके येणे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. दहा वर्षांच्या मुलाला सुटीच्या दिवशी फळीवरच्या मालाची यादी लिहायला बसवावे, डब्यांच्या चिठ्ठ्या त्याच्या अक्षरात असाव्यात, भावाचा फलक त्याने लिहावा. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर गिऱ्हाईक हसेल, आणि ती दुरुस्ती तो स्वतः धावत येऊन करील. मग त्याला विचारावे, हे दुकान कोणी सुरू केले? पहिल्या दिवशी काय विकले? आजोबांना विचारून लिहून काढ. सेवाग्रामच्या शिक्षणाचा गाभा याहून फार वेगळा नव्हता: हाताने केलेल्या कामातून बोलण्यासारखे आणि लिहिण्यासारखे काही निघते.

आष्टीच्या मुलांना तर आणखी एक मोठा विषय दाराशी आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी येथील पोलीस ठाण्यासमोर जे घडले, त्यामुळे या गावाच्या नावापुढे ‘शहीद’ हा शब्द लागला. तो दिवस स्वतः पाहिलेली माणसे आता क्वचितच. पण त्यांच्या तोंडून ऐकलेली सत्तरी ओलांडलेली माणसे अजून गल्लोगल्ली आहेत. दर वर्षी हुतात्म्यांना अभिवादन होते, भाषणे होतात, मुले रांगेत उभी राहतात. एका मुलाने एका आजोबांसमोर वही घेऊन बसावे आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, वऱ्हाडी बोलीसह, उतरवावे. ते कोणा पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, आणि आणखी दहा वर्षांनी येथेही मिळणार नाही.

अक्षराविषयी पालक फार चिंता करतात. गांधीजींनाही आपल्या वाईट अक्षराचे आयुष्यभर दुःख होते. वाईट अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण मानावी, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले. परंतु त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय पाहण्याजोगा आहे: मुलाला आधी चित्रे काढू द्यावीत, फूल-पक्षी ओळखावेत तशी अक्षरे डोळ्यांनी ओळखू द्यावीत, आणि हात वळल्यावर मग अक्षर काढायला शिकवावे. आपण चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन रेघोट्यांची पाने भरून घेतो आणि सातव्या वर्षी त्याला लेखनाचा कंटाळा का, म्हणून विचारतो.

दिवाळी जवळ येत आहे. पूजेच्या चोपड्या आता निम्म्या घरांत नावापुरत्या आणल्या जातात. हिशेब संगणकात असतो आणि कुंकू त्याच्याच झाकणाला लागते. यंदा बाजारातून लाल बांधणीची एक वही जास्त आणावी. पहिल्या पानावर आपल्या रीतीप्रमाणे श्री घालावे, लाभ-शुभ लिहावे, मुलाचे किंवा मुलीचे नाव लिहावे आणि ती त्याच्या हवाली करावी. तिच्यात रोज काय लिहिले याची विचारणा करू नये. त्याने आपणहून आणून दाखवली, तर मात्र हातातले काम बाजूला ठेवावे, चष्मा लावावा आणि पहिल्या ओळीपासून वाचावी.